कोणत्या जोडापासून

९ फेब्रुवारी

धाकटे,

"मजेत असशील" असं लिहायची सोय तू ठेवलेली नाहीस, तेव्हा सरळ कामाचं लिहितो.

मंगळवारी मेहुण्यांचा फोन आला. मी घासायच्या मशीनवर होतो, कानात भुसा, म्हणून त्यांना सगळं दोनदा सांगावं लागलं. दोन्ही वेळा त्यांनी ते एका दमात सांगितलं, उसनं आणलेलं भांडं परत ठेवून माणूस पटकन निघून जातो तसं. 'प्राण्यांचं काहीच वापरू नका' या तुझ्या व्याख्यानाला जाताना वाटेत तुझ्या उजव्या बुटाचा तळ उकलला. तुम्ही रस्त्याच्या कडेला बूट शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे थांबलात. बरोबर तुझ्या संस्थेचे तिघं होते. म्हाताऱ्याने उकललेल्या जागेतून रापीचं टोक आत घातलं, बोटाने चाचपलं आणि म्हणाला, "ताई, वरून हे काय रेक्झिनसारखं लावलंय कुणास ठाऊक, पण आतलं कातडं एक नंबर! वासराचं आहे. कुणाच्या हातचं काम हो हे?"

मेहुणे म्हणतात, तू माझं नाव घेतलं नाहीस. फक्त विचारलंस, "चिकटेल का?" त्याने चिकटवून दिलं. तू तोच बूट घालून सभागृहात गेलीस आणि लोकांना सांगितलंस की आज मी बोलणार नाही.

आणि मला विचारायला सांगितलंस एवढंच : कोणत्या जोडापासून?

सांगतो. याच जोडापासून. तू आणून दिलेली, कातड्याऐवजी वापरायची ती पानांच्या धाग्यांची चादर संपत आली होती, टेबलावर दुसऱ्या रुग्णाच्या अस्तरासाठी काढलेला तुकडा पडला होता, गडबडीत तो लागला. सहा वर्षांत सहा जोड केले, त्यांतल्या एकात चूक झाली. बाकीचं सगळं तू सांगितलंस तसं आहे. सरस वापरलेला नाही, कारण तो हाडांचा. दोऱ्याला मेण लावलं तेही मेणबत्तीचं, कारण दुसरं मधमाशांचं. सव्वीस वर्षं रुग्णालयाच्या या खोलीत बूट करतोय, कुठल्याही गिऱ्हाइकाने मला दोऱ्याचं कुळ विचारलेलं नाही. तुझ्यासाठी तेही पाळलं.

सध्या काय घालतेस? बाजारातलं काही घालू नकोस. रोज अंघोळीनंतर आरसा खाली ठेवून उजवा तळपाय बघत जा. लाल दिसलं तर त्याच दिवशी कळव.

दादा

१७ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर म्हणजे पुन्हा मेहुण्यांचा फोन. म्हणाले, "ती म्हणते, दादाला विचार, अस्तर चुकून बसतं का?"

बसत नाही. तूही बूट करणाऱ्याचीच मुलगी. वासराचं कातडं कडेला रापीने तासून कागदासारखं पातळ करावं लागतं, भिजवावं लागतं, कलबुतावर ताणून दिवसभर वाळवावं लागतं. कलबूत म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तुझ्या पावलाची अकरा लाकडी पावलं माझ्या फळीवर ओळीने उभी आहेत, आठव्या वर्षापासून आजपर्यंतची. तेव्हा चूक हा शब्द मी मागे घेतो.

दुसऱ्या जोडापासून.

आता कारण ऐक. पहिला जोड मी तुझ्या शब्दाप्रमाणे केला. वरून पानांची चादर, आतून पानांची चादर. तू ती गुंडाळी काखेत मारून आलीस तेव्हा किती खूश होतीस! मी उलटी करून पाहिली. मागच्या बाजूला प्लॅस्टिकचा थर होता. तुला म्हटलं, "अगं, ही श्वास घेणार नाही." तू म्हणालीस, "दादा, गाईला श्वास घ्यायचा होता." तुझ्याशी बोलण्यात मी कधी जिंकलेलो नाही.

एकोणीस दिवस लागले. तुला कळलं नाही, कळणार कसं? मणक्यातल्या त्या जन्मजात गाठीने तुझा उजवा पाय आखूड ठेवलाच, वर पावलाची जाणीवही काढून घेतली. तू आमच्याकडे आली होतीस. तुझ्या वहिनीने फरशीवर ओला डाग पाहिला आणि वाटलं, पाणी सांडलं. करंगळीच्या मुळाशी रुपयाएवढी जखम होती, आतलं पांढरं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, "आणखी आठवडा गेला असता तर बोट काढावं लागलं असतं." तीन महिने पट्ट्या. पट्टी बांधून घेतानासुद्धा तू म्हणालीस, "पुढचा जोडही असाच कर. आत हवं ते घाल, पण कातडं नको."

मी "बरं" म्हणालो. आणि वासराचं अस्तर लावून वर पातळ सुती कापड चिकटवलं.

त्याच पावसाळ्यात तुझ्या वहिनीने तुझ्यासाठी शेंगदाण्याच्या दुधाचा चहा केला होता. तो फाटला. कपात वर दही आणि खाली पाणी. तू तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलीस आणि म्हणालीस, "छान झालाय, वहिनी." तेव्हा तू खोटं बोललीसच ना? आम्हांला ते खोटं गोड लागलं. माझं अस्तर त्याच जातीचं होतं.

तेव्हापासून आजपर्यंत तुझ्या पावलावर साधा लालसर डागही उठलेला नाही. ही बोटं कुणी राखली, हे त्या सभागृहातल्या लोकांना विचार. त्यांच्या टाळ्यांनी जखम भरत नाही.

दादा

६ मार्च

धाकटे,

अठरा दिवस झाले. मेहुण्यांचाही फोन नाही. म्हणजे मी लिहिलेलं तुला पटलेलं नाही, किंवा पटलं आहे आणि ते तुला आवडलेलं नाही.

मग आता मीही माझं सांगतो. मी तुझं व्याख्यान ऐकलं आहे. एकदाच. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि शेवटच्या रांगेत बसलो. भिंतीला लागून असलेल्या टेबलावर फळांच्या सालींपासून केलेल्या पिशव्या, पट्टे, पाकिटं मांडली होती. एक पिशवी हातात घेऊन शिवण पाहिली. टाके लांब होते, पण काम वाईट नव्हतं. मला तुझा अभिमान वाटत होता, हे लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर तू ते मानणार नाहीस.

चांगलं बोललीस. दुभत्या जनावरांचं बोललीस तेव्हा माझ्या शेजारचा गृहस्थ डोळे पुसत होता. कातडं हातात घेतल्यावर मला त्या जनावराचं आयुष्य दिसतं, हे तुला ठाऊक आहे. पोटाकडचा भाग सैल असला की गाभण राहिलेली. मानेवर गोल चट्टे असले की जू ओढलेलं. पाठीवर बारीक छिद्रं म्हणजे गोचिडी. मीही प्रत्येक तुकडा कापायच्या आधी क्षणभर हात जोडतो. तू लहानपणी मला विचारलं होतंस, "दादा, कुणाला नमस्कार करतोस?" मी म्हणालो होतो, "ज्याचं आहे त्याला." तेव्हा तुझं म्हणणं मला कधीच परकं वाटलं नाही.

मग तू म्हणालीस, "मी मेलेल्या जनावरांच्या वासात वाढले. माझ्या घरातले हात अजून त्यातच आहेत. मी मात्र पाय बाहेर काढला." आणि उजवा बूट काढून डोक्यावर धरलास. "यात कुठल्याही प्राण्याचा एक धागा नाही!" सगळं सभागृह उभं राहिलं.

वास. धाकटे, त्या वासापायी शाळेत तुझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. तुला आणायला यायच्या आधी मी राखेने आणि लिंबाने हात घासायचो, कातडी सोलेपर्यंत. माझ्या सायकलच्या दांडीवर बसून तू म्हणायचीस, "दादा, तुझ्या हाताला लिंबाचा वास येतो." जी माणसं तेव्हा नाक धरून लांब बसली, तीच आता पुढच्या रांगेत बसून तुझ्यासाठी टाळ्या वाजवतात. नाक अजून धरलेलंच आहे. फक्त आता त्याला तत्त्व म्हणतात.

तेही सोडलं असतं. व्याख्यान संपल्यावर मी दाराशी थांबलो होतो. तू लोकांच्या घोळक्यातून आलीस, मला पाहिलंस आणि थबकलीस. चष्म्याच्या एका बाईंनी विचारलं, "हे कोण?"

तू म्हणालीस, "हे माझे बूट करतात."

"अय्या! म्हणजे तुम्हीच ते कारागीर! मग तुम्हीपण व्हीगन का हो?"

"नाही," मी म्हणालो, "मी बूटच करतो."

त्या हसल्या. तूही हसलीस. 'हा माझा दादा' या तीन शब्दांना किती वेळ लागला असता? मी घरी आलो, शर्ट काढून खुंटीला लावला. वहिनीने विचारलं, "कशी बोलली?" मी म्हटलं, "उत्तम."

आता तू मला विश्वासघातकी म्हणत असशील. म्हण. पण त्या दिवशी उचलून दाखवलास तो जोड

इथे मघाशी थांबलो होतो, काम आलं. पुढचं पुन्हा कधीतरी लिहीन. मुद्दा एवढाच, की विश्वास काय असतो हे मला कुणी शिकवू नये.

दादा

२८ मार्च

धाकटे,

मागचं पत्र मी टपालात टाकायच्या आधी तुझ्या वहिनीने वाचलं होतं. माझी पत्रं ती वाचत नाही, पण पाकीट उघडंच टेबलावर होतं. वाचून तिने ते परत ठेवलं, भाजी चिरायला बसली आणि सुरी न थांबवता म्हणाली, "तिसऱ्या जोडाचं लिहिलंत का?"

मी म्हटलं, "त्याचं काय लिहायचं?"

"मांजरासारखं डोळे मिटून दूध पिणं चाललंय तुमचं," ती म्हणाली. "सगळ्या आळीला दिसतंय."

त्यानंतर तीन आठवडे तिने मला वाढलं, चहा दिला, कपडे धुतले, पण कामाशिवाय एक शब्द बोलली नाही. काल मी तिला म्हणालो, लिहितो. ती म्हणाली, "कुणासाठी? माझ्यासाठी लिहू नका."

तू पहिल्या दिवशी विचारलंस, कोणत्या जोडापासून. मी दोनदा उत्तर दिलं, दोन्ही वेळा खोटं. आधी एकाच जोडावर भागवत होतो. मग पाच जोड कबूल केले. चोराने चोरी जास्त सांगावी असं कधी घडतं का? घडतं. जास्त सांगितलं की कारण शाबूत राहतं.

दुसऱ्या जोडात कातडं होतं. ते जखमेसाठी होतं, त्यात माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. देवाशपथ.

तिसऱ्या जोडात नव्हतं.

दुसरा जोड चालू असताना माझं मन मला खायला लागलं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तू खोलीवर यायचीस, समोरच्या स्टुलावर उजवा पाय ठेवायचीस, मी तळवा पुसून बघायचो आणि तू म्हणायचीस, "बघ, कातड्याशिवाय होतं की नाही?" मी मान हलवायचो. घरी येऊन दिवा लावायला बसलो की देवाकडे बघवायचं नाही. मग मी ठरवलं, हे खरंच करून दाखवायचं. बुचाचा थर घेतला, त्याला घामासाठी भोकं पाडली. वर कापूस दाबून बसवला, तर आठ दिवसांत कापसाच्या गाठी झाल्या. तुझी वहिनी म्हणाली, "गोधडीत होतात का गाठी? टाके जवळजवळ घातले की कापूस जागचा हलत नाही." तिने दोन बोटांच्या अंतरात नऊ ओळी घातल्या. मी तो थर आधी माझ्या स्वतःच्या बुटात घालून चाळीस दिवस चाललो. मग तुझ्या.

अकरा महिने तू तो जोड घातलास. अकरा वेळा मी तळवा तपासला. कातड्यापेक्षा कोरडा. धाकटे, तुझं म्हणणं खरं होतं. होतं. माझ्याच हाताने ते सिद्ध झालं आणि ते फक्त मला आणि तुझ्या वहिनीला ठाऊक होतं. मी तुला सांगणार होतो, दुसऱ्या जोडाचं पापही सांगून टाकणार होतो. त्यासाठीच त्या दिवशी व्याख्यानाला आलो होतो. इस्त्रीचा शर्ट त्यासाठी होता.

डोक्यावर धरलास तो तिसरा जोड होता. तू शंभर टक्के खरं बोलत होतीस. आणि मग दाराशी मला बूट करणारा केलंस.

चौथा जोड करायला घेतला तेव्हा वहिनीने विचारलं, "कापूस कधी शिवायचा?" मी म्हटलं, "नको यावेळी." तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. मी वासराचा सगळ्यात चांगला भाग निवडला, पाठीचा. कापायच्या आधी हात जोडले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा. तासताना मनात म्हणत होतो, चाल आता याच्यावरच. जा, उचलून दाखव.

आणि तू दाखवत राहिलीस. चौथा, पाचवा, सहावा. वर्तमानपत्रात तुझा फोटो आला, हातात बूट, खाली तुझं वाक्य. मी तो कापून मशीनशेजारच्या भिंतीवर लावला. लोकांना वाटलं, भावाला केवढं कौतुक. मी काम करता करता त्याच्याकडे बघून आतल्या आत हसायचो. तीन वर्षं. तुझ्या शत्रूलाही तुझ्या तोंडून जेवढं खोटं वदवता आलं नसतं, तेवढं मी तुझ्या नकळत वदवून घेतलं.

कातडं फक्त उजव्या बुटात होतं. डाव्या पावलाला कळतं, म्हणून डाव्यात कापूसच घातला, माझ्या हाताने शिवलेला, वहिनीइतका बारीक नाही. ज्या पावलाला काही कळत नाही त्या पावलाला मी फसवलं. बाबा म्हणायचे, पाय तक्रार करायला उशिरा येतो म्हणून त्याला आधी ऐकावं. तुझा तर येणारच नव्हता.

आणखी एक. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका येतात, साखरेने पावलं बधिर झालेल्या. कातड्याच्या अस्तराने त्यांना दर उन्हाळ्यात घामोळं यायचं. तो बुचाचा आणि कापसाचा थर त्यांना बरा पडला असता. मी केला नाही. केला असता तर लोकांनी विचारलं असतं, हे कुठून सुचलं, आणि गोष्ट तुझ्यापर्यंत आली असती. त्यांनाही तीन उन्हाळे माझ्या रागाची किंमत पडली.

देवापुढे हे सगळं मी कितीदा तरी बोललो आहे. त्याला सांगणं सोपं असतं, तो उलटून विचारत नाही. तू एकच प्रश्न विचारलास आणि त्याला सात आठवडे लागले.

हे सगळं वाचून माफ कर असं मी लिहिणार नाही. रागही गेलेला नाही. दोन्ही आहे. जसं आहे तसं लिहिलं.

दादा

१९ एप्रिल

धाकटे,

खोकं काल आलं. आत चिठ्ठी असेल म्हणून मी खालचा कागदसुद्धा उलगडून पाहिला. नव्हती.

पाच उजवे बूट. पहिला जोड जखमेच्या वेळीच फेकला होता, म्हणून पाच. प्रत्येकाच्या आतल्या तळव्यावर टाचेपासून बोटांपर्यंत एक उभी चीर. स्वयंपाकघरातली सुरी वापरलीस, कडा दातेरी आहेत. टेबलावर ओळीने ठेवले. दुसरा, कातडं. चौथा, पाचवा, सहावा, कातडं. सगळं मी लिहिलं तसं.

तिसरासुद्धा चिरलास.

त्याच्या चिरेतून कापूस बाहेर आला आहे आणि वहिनीचे टाके मधोमध तुटले आहेत, सगळ्याच्या सगळ्या ओळी. तुला तो चिरल्याशिवाय कसं कळणार होतं? मी लिहिलं होतं की तो खरा आहे. पण लिहिणारा मीच. माझ्या शब्दाला उरलेली किंमत त्या चिरेएवढी.

वहिनी खोलीवर डबा घेऊन आली, तिने पाहिला. म्हणाली, "शिवता येईल?" मी म्हटलं, "नाही. चीर भाराच्या रेषेवर आहे. शिवली तर टाका पावलाला घासेल." बाहेर आलेला कापूस तिने चिमटीने आत ढकलला, तो पुन्हा बाहेर आला.

त्याच संध्याकाळी मी मेहुण्यांना फोन केला. त्यांनी सांगितलं, की तिसरा जोड तू टाकला नव्हतास. जुना झाला तरी घरात तोच घालायचीस, हलका पडतो म्हणायचीस. फेब्रुवारीत हे सगळं झाल्यावरही तोच घालत होतीस, चिरेपर्यंत. म्हणजे ते दोन महिने ज्याच्यावर उभी होतीस तो एकच बूट माझा खरा होता, आणि तोही आता गेला. सध्या तू बाजारातला मऊ बूट घालतेस आणि टाचेखाली घडी केलेला टॉवेल ठेवतेस, हेही त्यांनी सांगितलं. करंगळीच्या मुळाशी लाल झालं आहे, हे सांगू नको असं तू म्हणाली होतीस. त्यांनी सांगितलं. त्यांना रागावू नकोस. घरात एक तरी माणूस असं असावं की ज्याला लपवता येत नाही.

मी जोड करून पाठवणार नाही. पाठवला तर तू तोही चिरशील, आणि ते बरोबरच होईल.

त्याऐवजी या खोक्यात अकरावं कलबूत पाठवतो आहे. उजवं पाऊल, आत्ताचं. लाकूडच आहे, सरस नाही, मेण नाही, हवं तर करवतीने कापून बघ. बाकीची दहा माझ्याकडे राहतील. आठ वर्षांच्या पावलाचा तुला आता उपयोग नाही. तुमच्या मागच्या रस्त्याला एक जण नवीन आहे, आमच्याच रुग्णालयातून शिकून गेलेला, हात स्वच्छ आहे त्याचा. किंवा तुला माझ्या माहितीतला नको असेल तर दुसरा कुणी शोध. पण आजच शोध, आणि तो करेपर्यंत त्या पावलावर भार देऊ नकोस. त्याला हे वाचून दाखव :

उजव्या टाचेखाली सव्वादोन इंच, चवड्याखाली दीड. करंगळीच्या बाजूला कलबुतावर मी पेन्सिलने गोल काढला आहे, तिथे दाब येता कामा नये. बुचाचा थर खाली, भोकं अर्ध्या बोटाच्या अंतराने. कापूस वर, टाके दोन बोटांत नऊ ओळी. हे काम वहिनी करून देईल. तिने तशी तुझ्यासाठी पट्टी शिवून खोक्यात ठेवली आहे. ती चिरू नकोस, ती तिची आहे. पानांची चादर वरून चालेल, आतून नको. पहिले पंधरा दिवस रोज संध्याकाळी बूट काढून आत हात फिरवायचा. पाय काही सांगणार नाही.

भिंतीवरचा तुझा फोटो मी काढला आहे. निवृत्त शिक्षिकांचा जोड आज कलबुतावर आहे, कापसाचा.

कलबूत बघून तो विचारेल. या कामातला माणूस विचारल्याशिवाय राहत नाही, त्या म्हाताऱ्यानेही विचारलंच होतं. "कुणाच्या हातचं आहे हो हे?" असं त्याने म्हटलं, तर अडखळू नकोस. सांग, एक जण होते, माझे बूट करायचे.